एक्स-रेवाले काका आणि झोपलेली लेकरं

मे महिन्यात अकोल्यात हीटर लावून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. मी ओढणीने मान पुसत जिना चढून गेले आणि दार उघडलं तर आतून आणखी गरम हवा तोंडावर आली. कोपऱ्यात हीटरची तार लालभडक. शेजारी पांढरा हाफ शर्ट आणि काळी पँट घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ स्टुलावर बसून बाळाएवढ्या बाहुलीला कापडात गुंडाळत होते. आणि खोलीभर कूलरचा आवाज, घर्र घर्र, मध्येच एखादी खडखड. मी कूलर शोधू लागले. खिडकीत नव्हता, दारामागे नव्हता. आवाज टेबलावरच्या मोबाइलमधून येत होता.

"कूलर कुठे आहे?" मी विचारलं.

"घरी," ते म्हणाले. "आवाज तेवढा भरून आणला. उन्हाळ्यातलं लेकरू कूलरच्या आवाजानं झोपते. पण हवा त्याले सोसत नाही, उघडं केलं का काकडते. म्हणून आवाज कूलरचा अन् हवा हीटरची."

मला हे एकदम काही समजलं नाही. मी नोकरीसाठी गेले होते. लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले होते, बी.एड. होऊन दोन वर्षं झाली होती आणि शाळेचं काही जमत नव्हतं. नवजात बाळांचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओला बाई पाहिजे, एवढंच कळलं होतं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. आधी हात पुढे करायला सांगितले, आपल्या तळहाताची मागची बाजू माझ्या बोटांना लावली आणि म्हणाले, "गरम आहेत, बरं झालं." मग टेबलावर कापडाचे दहा-बारा तुकडे पसरले आणि एकेकाचा रंग सांगा म्हणाले. मला वाटलं, मी चुकून साडीच्या दुकानात आले की काय. तरी सांगितलं, हा मोतिया, हा अबोली, हा आमसुली, हा राणी. प्रत्येक नाव त्यांनी पेन्सिलने चिठ्ठीवर लिहिलं आणि त्या त्या तुकड्याला टाचणीने लावलं.

"उद्यापासून या," ते म्हणाले.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की नोकरी लागली, पण कसली लागली ते मला नीट कळलं नाही.

त्यांना सगळे एक्स-रेवाले काका म्हणत. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी एक्स-रे काढले होते. निवृत्त झाल्यावर बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, कॅमेरा घेतला आणि ही नवीन पद्धतीची बाळांची फोटोग्राफी मोबाइलवर पाहून पाहून शिकले. आता ते नागपूरला मुलीकडे असतात आणि मी पुन्हा अमरावतीला आले आहे. पण त्यांच्याकडे काढलेली तीन वर्षं आठवली की अजूनही वाटतं, या माणसाचं आपल्याला अर्धंच समजलं.

एवढी वर्षं दवाखान्यात काढून पुन्हा लेकरंच कशाला, असं मी एकदा विचारलं. ते कापडाची घडी घालत होते. म्हणाले, "माझ्याकडं लेकरू येई ते न्यूमोनियाचं नाही तर पडलेलं. बापानं हात धरायचे, मायनं पाय धरायचे, अन् ते रडून राहिलं असतानी मी बटण दाबायचो. तीस वर्षांत माझ्यासमोर एकही लेकरू झोपलेलं नव्हतं. म्हटलं आता झोपलेली पाहू."

दवाखान्याची सवय मात्र गेली नव्हती. कॅमेरा डोळ्याला लावला की ते म्हणत, "श्वास घ्या. धरा." बाळ तर आपलं झोपलेलं. श्वास धरायचे ते आईबाप. फोटो निघाला की म्हणत, "सोडा." मग सगळी खोली सुस्कारा टाकायची. एका बापाने मला हळूच विचारलंही, "आमी फोटोत नाही ना, मंग आमाले काहून धरायले लावून राहिले?" मी म्हटलं, तसं केलं की बाळ हलत नाही. हे खरं की खोटं, मला माहीत नव्हतं. पण खरंच हलत नसे.

माझं मुख्य काम होतं आईबापांना आदल्या दिवशी फोन करण्याचं. काय सांगायचं ते काकांनी एका कागदावर लिहून दिलं होतं. मी ते आधी गोड करून सांगायची. त्यांनी ऐकलं आणि कागदावर बोट ठेवलं. "जसं लिहिलं तसं सांगा बाई. लोकाले काय होणार हे ठाऊक असलं का ते भेत नाहीत."

मग मी तसंच सांगू लागले. तीन तास लागतील, त्यातले दोन तास काहीच होणार नाही. बाळ मुतेल, शी करेल, ते आमच्या कापडावर, तुम्ही माफी मागू नका. पोट भरून आणा, पण झोपवून आणू नका. खोली गरम असेल, तुम्ही सुती कपडे घाला. सोबत दोनच माणसं. बाळाला आम्ही कशाला टांगत नाही. हनुवटीखाली हात ठेवून झोपलेल्या बाळाचा फोटो तुम्ही पाहिला असेल, तो दोन फोटो जोडून होतो. खरं तर प्रत्येक वेळी डोकं कोणीतरी धरलेलं असतं. काजळ, तीट राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. आणि बाळ झोपलंच नाही तर फोटो निघणार नाही, पुन्हा यावं लागेल.

दोन माणसं म्हटलं तरी नऊ यायची. आजी, मावशी, आत्या, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा हीटरच्या खोलीत घाम गाळत उभा. सगळ्यात मोठी अडचण दिवसांची. काका म्हणत, पाचव्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत आणा, नंतर लेकरू अंग मुडपत नाही. आणि घरची म्हातारी म्हणे, बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही. या दोघांच्या मध्ये फोनवर मी. कधी ती ऐकायची, कधी काका पिशवीत हीटर घालून त्यांच्या घरी जायचे.

मी येण्याआधी ते फोटो फक्त काळे-पांढरे देत. लोकांना पसंत पडेना. एका आजीने तोंडावर सांगितलं, "बारशाच्या पत्रिकेवर असा फोटो छापला तं लोक श्रद्धांजली समजतीन." त्यानंतर त्यांनी रंगीत सुरू केले आणि मला ठेवलं. हा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

लक्षात न येण्यासारखं बरंच होतं. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात त्यांनी आतून नाव शिवून घेतलं होतं, गुलाबी, बदामी, शेवाळी. चिठ्ठी वाचल्याशिवाय ते कापड उचलत नसत. एकदा चिठ्ठी उसवली होती, तर एका आईला म्हणाले, "हा चॉकलेटी पाहा, लय साजरा दिसते." कापड हिरवंगार होतं. आई माझ्याकडे पाहू लागली, मी खिडकीकडे. मला वाटलं, मोतीबिंदू असेल. पण पेपरातला बारीक टाइप ते चष्म्याशिवाय वाचत. फोटो काढण्याआधी करड्या पुठ्ठ्याचं एक कार्ड बाळाच्या गालाजवळ धरून एक फोटो काढत, मग कॉम्प्युटरवर त्या गालावर बाण ठेवून येणारे आकडे वहीत लिहीत. रंग जुळवायला सगळे फोटोग्राफर करतात, असं म्हणत. पण प्रत्येक बाळाचे आकडे कोण लिहून ठेवतं? आणि दर वेळी मला विचारत, "बाई, कसं दिसून राहिलं?" मी म्हणायची, "छान दिसतंय." मला वाटायचं, त्यांना शाबासकी पाहिजे असते.

त्या दिवशी जी बाई आली तिचं सासर तिवश्याचं, माहेर अकोल्याचं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. मुलगी सात दिवसांची. नवरा आणि सासू खास फोटोसाठी आदल्या दिवशी तिवश्याहून आले होते. बाळ फार शांत होतं. एरवी आम्हाला झोपवायला तास लागतो, ही आल्यापासून झोपलेलीच. दूध प्यायलाही उठवावी लागते, असं आई म्हणाली. मी खूश झाले. म्हटलं, आज लवकर सुटका.

काकांनी घड्याळ काढून ठेवलं, हात धुतले, हीटरवर शेकले आणि बाळाला उघडं केलं. कार्ड धरून फोटो काढला. कॉम्प्युटरपाशी गेले. परत आले, दुसरा काढला. मग बल्ब बंद करून खिडकीचा पडदा बाजूला केला आणि बाहेरच्या उजेडात तिसरा काढला. वहीची पानं मागे-पुढे केली.

"बाई, कसं दिसून राहिलं?"

"छान," मी म्हटलं.

"छान नाही. रंग सांगा. पिवळं आहे का?"

मी वाकून पाहिलं. हीटरचा तांबूस उजेड, खाली मोतिया कापड. बाळ मला थोडं पिवळसर वाटलं. पण सासू लगेच म्हणाली, "सकाळीच हळद अन् बेसन लावून न्हाऊ घातलं तिले. पिवळी नाही दिसणार तं काय?" ते मलाही पटलं. शिवाय समोर बसलेल्या आईला तुमचं बाळ पिवळं दिसतं, असं कसं सांगायचं?

"सांगता येत नाही, काका," मी म्हणाले.

काकांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "सांगता येत नाही म्हणजे? डोळे आहेत ना तुमाले?"

मोबाइलमधला कूलर तेवढा खडखडत होता. काकांनी तो बंद केला. बाळाला खिडकीशी नेलं, कपाळावर बोट दाबून उचललं आणि मला म्हणाले, "दाबल्या जागी पाहा." मी पाहिलं. बोट उचललं तिथे क्षणभर कातडी पिवळीच होती. मग त्यांनी पायाच्या नडगीवर दाबलं. तिथेही तसंच. आता मला शंका राहिली नाही. पण मी नुसती मान हलवली.

त्यांनी बाळाला गुंडाळून आईच्या हातात दिलं. "फोटो नाही काढत. आत्ता लेकराच्या डॉक्टरकडं न्या. घरी जाऊ नका, इथूनच जा."

नवरा उठून उभा राहिला. "काय झालं, ते तं सांगा."

"मले ठाऊक नाही. कावीळ असन, नसन. रक्त तपासतीन."

सासू चिडली. "तुमी फोटोवाले का डॉक्टर? आमी तिवश्यावरून भाडं भरून आलो. एवढुशा लेकराले सुया टोचायच्या का तुमच्या सांगण्यावरून? झोपली आहे तं चार फोटो काढा अन् मोकळे व्हा."

"ती झोपूनच राहिली, म्हणूनच जा म्हणतो," काका म्हणाले.

बाळाच्या आईने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि बाळाला घेऊन जिना उतरू लागली. सात दिवसांची बाळंतीण, कठडा धरून एकेक पायरी. नवरा मागोमाग धावला. सासू बडबडत निघाली.

संध्याकाळी त्या बाईच्या नवऱ्याचा फोन आला. कावीळ होती, बरीच वाढलेली. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, उद्यावर टाकलं असतं तर कठीण झालं असतं. मी निरोप सांगितला. काकांनी हीटरचं बटण बंद केलं आणि तार काळी पडेपर्यंत तिच्याकडे पाहत बसले.

"तुम्हाला दिसलं, मला दिसूनही बोलता आलं नाही," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"मले कुठं दिसलं, बाई?" ते म्हणाले. "मले गुलाबी अन् पिवळ्यातलं अंतर समजत नाही. लाल-हिरव्यातलं तं बिलकूल नाही."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी तपासणीला गेले होते. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं आणि त्यातला आकडा वाचा म्हणाले. बाकीच्या पोरांनी वाचला, यांना नुसते ठिपकेच दिसले. तिथून परत पाठवलं. एक्स-रेच्या कामात रंग नाहीच, म्हणून तिकडे निभलं. घरी बायकोला ठाऊक होतं. ती गेल्यावर कोणालाच नाही.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. रोजचे तेच पांढरे शर्ट, शिवलेल्या चिठ्ठ्या, हिरवा चॉकलेटी, मला दाखवलेले कापडाचे तुकडे. आणि दर वेळी विचारलेलं ते कसं दिसून राहिलं. त्यांना शाबासकी नको होती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मग कावीळ कशी कळली?"

"कळली नाही. गालाच्या रंगाचे आकडे रोजच्यासारखे नव्हते. पण हळदीनंही आकडे बदलतेत. तुमाले इचारलं तं तुमी आधी म्हणता सांगता येत नाही, मंग नुसती मान हलवता. मले कळलं नाही, म्हणूनच पाठवलं."

ते लेकरू महिन्याभराने आलं. हात-पाय झाडत होतं, टक्क जागं, झोपायचं नावच घेईना. काकांनी जागेपणीचेच फोटो काढले. सासूही आली होती. मागच्या वेळचं ती काहीच बोलली नाही, फक्त जाताना काकांना म्हणाली, "फोटोत थोडी गोरी करून देजा." काका म्हणाले, "मी रंगाले हात लावत नाही, आजी." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मला मात्र काकांनी सांगितलं त्या दिवसापासून झोप येईना. लोक आपलं आठ दिवसांचं लेकरू ज्याच्या हातात देतात त्याला रंग दिसत नाही, हे त्यांना सांगायला नको का? की त्याला दिसत नाही म्हणूनच तो एवढं जपतो? एकीकडे वाटे, सगळ्या गावात एवढा सावध माणूस नाही. दुसरीकडे वाटे, माझ्या जागी उद्या कोणी नसलं तर? फोनवर मी त्या कागदावरचं सगळं खरं सांगायची, आणि एवढं गाळून. ते कागदावर नव्हतंच.

त्यात आणखी एक झालं. पावसाळा सरताना एक जोडपं आलं, दोघंही कॉलेजात शिकवणारे. काकांनी विचारलं, "ओठ कसे दिसून राहिले?" मी आता भिऊन गेलेली. ढगाळ दिवस होता, मला ओठ निळसर वाटले. मी पटकन सांगितलं. काकांनी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. बाळ ठणठणीत निघालं. दुसऱ्या दिवशी बाप येऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, रात्रभर बायको रडली. तुम्ही डॉक्टरांकडून कमिशन खाता काय? काकांनी हात जोडले. "माझी चूक झाली," म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मी शेजारी कापडाची घडी हातात धरून उभी. मीही बोलले नाही. बाजारात मग ते कमिशनचं पसरलं आणि दोन महिने आमच्याकडे फारसं कोणी आलं नाही.

एका दुपारी मी धीर करून म्हणाले, "काका, लोकांना सांगून टाकू."

"रंग न दिसणाऱ्याकडं कोण लेकरू आणीन?"

"कमिशन खाणाऱ्याकडे तरी कोण आणतं? आणि ओठांचं मी सांगितलं होतं. शिव्या तुम्ही खाल्ल्या."

पुढचे चार-पाच दिवस त्यांनी कापडं स्वतः धुतली, स्वतः वाळत घातली, माझ्याकडे पाहिलं की नजर वळवत. मला वाटलं, नोकरी गेली. मग एका सकाळी टेबलावर तो कागद नव्याने लिहून ठेवलेला. सगळं तेच, आणि खाली पेन्सिलने एक ओळ जास्त: फोटो काढणाऱ्याला रंग नीट दिसत नाहीत.

"वाचून दाखवा फोनवर," ते म्हणाले आणि स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसले.

पहिला फोन एका बापाला लावला. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. त्याने परत फोन केला नाही. दुसऱ्या ठिकाणी मामा होता, तो हसतच सुटला, त्याला थट्टा वाटली. समजावून सांगितल्यावर त्यानेही फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणी आई स्वतः बोलली. बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते, आवाज थकलेला. मी सगळं वाचलं, शेवटची ओळसुद्धा. पलीकडे नुसतं बाळ कुरकुरत असलेलं ऐकू येत होतं.

"मंग रंग कोण पाहते?" तिने विचारलं.

हा प्रश्न कागदावर नव्हता. काकांची पाठ तशीच ताठ. मला ते पिवळं कपाळ आठवलं, जे दिसूनही मी बोलले नव्हते, आणि ते ओठ, जे निळे नसताना मला निळे दिसले.

"मी पाहते," मी म्हणाले.

"अन् तुमाले नीट दिसते का?"

"दिसतं. पण कधी कधी समजत नाही. समजलं नाही तर आम्ही फोटो काढत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. तिथे काही निघेल, काही निघणारही नाही."

फोन ठेवला असावा, असं वाटून मी स्क्रीनकडे पाहिलं. चालू होता.

"आमचं लेकरू कालपासून कुंथून राहिलं," ती म्हणाली. "घरी सगळे म्हणतात असंच असते. मलेही काही समजून नाही राहिलं. तुमी निदान समजलं नाही तं तसं सांगता. उद्या किती वाजता येऊ?"